सुरुवातीची तारीख

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत इस्रायल-पॅलेस्टाइन या विषयावरचा परिसंवाद ऐकण्याचा योग आला. पहिल्या वक्त्यांनी ७ ऑक्टोबर २०२३ पासून सुरुवात केली. त्या दिवशी हमासने सुमारे बाराशे माणसे मारली, २५१ जणांना ओलीस धरून गाझात नेले, आणि पुढे जे झाले ते त्या दिवसाचे उत्तर आहे, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या वक्त्यांनी माईक हाती येताच १९४८ गाठले. सात लाख पॅलेस्टिनी ज्या वर्षी घरादाराला मुकले त्या वर्षापासून मोजा, म्हणजे ७ ऑक्टोबर हेसुद्धा एक उत्तरच होते हे कळेल, असा त्यांचा सूर होता. अध्यक्षांनी दोघांनाही मागे टाकले. हे वैर अब्राहमाच्या दोन मुलांपासून चालत आले आहे, त्यापुढे आपण पामर काय करणार, असे म्हणून त्यांनी सभा चहाला सोडली. पहिल्या दोघांच्या तपशिलांत चुका अशा फारशा नव्हत्या. तरीही आपल्याला इतिहास सांगितला गेला नाही, दोन वकिलांची कैफियत ऐकवली गेली, असे वाटत राहिले.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. या संघर्षावर आपण घालत असलेला वाद बहुतेक वेळा सुरुवातीच्या तारखेचा असतो. तारीख ज्याने निवडली त्याला निकाल फुकटात मिळतो, कारण त्या तारखेच्या आधीचे सगळे पुसले जाते आणि नंतरचे सगळे प्रत्युत्तर ठरते. प्रत्यक्षात हा संघर्ष दीडशे वर्षांपेक्षा जुना नाही. तो देवाने लावलेला नाही, ओळखता येतील अशा माणसांनी ओळखता येतील अशा वर्षी घेतलेल्या निर्णयांतून तो वाढला आहे. त्यात दोन्ही समाजांवर अन्याय झाला आहे, आणि तो सारखा नाही. मात्र काल सोसलेला कोणताही अन्याय आज निरपराधांना मारण्याचा परवाना होऊ शकत नाही. जो एका बाजूला असा परवाना देतो, त्याला दुसऱ्या बाजूने तोच दाखवल्यावर तक्रार करायला जागा राहत नाही.

आधी अध्यक्षांचे पाहू, कारण 'हजारो वर्षांचे वैर' हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे आणि वापरायला सोयीचे आहे. ते म्हटले की कोणालाच काही विचारावे लागत नाही. पण मग १४९२ मध्ये स्पेनने हाकललेल्या ज्यूंपैकी हजारो लोक मुसलमान सुलतानाच्या ऑटोमन मुलखात आश्रयाला का गेले? हेब्रॉन, जेरुसलेम, सफेद या गावांत ज्यू वस्त्या शतकानुशतके कशा टिकल्या? तिथे समतेचे राज्य होते असे मुळीच नाही. ज्यूंना दुय्यम दर्जा होता, वेळप्रसंगी मारही खावा लागे. पण एका भूमीवर दोन राष्ट्रांनी दावा सांगणे ही गोष्ट तेव्हा अस्तित्वातच नव्हती. युरोपातल्या ज्यूद्वेषाने पोळलेल्या लोकांनी १८८० च्या दशकात तिथे वसाहती वसवायला सुरुवात केली, १८९७ मध्ये बाझलला पहिली झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंना स्वतःची राष्ट्रभूमी हवी असे मानणाऱ्यांची, परिषद भरली, आणि २ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी सरकारच्या वतीने पत्र लिहून पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या 'राष्ट्रीय निवासस्थाना'ला पाठिंबा दिला. त्या छोट्याशा पत्रात देशातल्या बहुसंख्य अरबांचा उल्लेख 'बिगर-ज्यू समाज' एवढाच आहे. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांची ग्वाही आहे, राजकीय हक्कांबद्दल अक्षर नाही. १९२२ च्या शिरगणतीत सुमारे साडेसात लाख लोकसंख्येत ज्यू ११ टक्के होते. दहातल्या नऊ माणसांना त्यांच्या देशात ते जे नाहीत त्यावरून ओळखायचे, ही कल्पना अब्राहमाची नव्हती, व्हाइटहॉलची, म्हणजे ब्रिटिश सरकारची, होती.

धर्माचा यात काहीच भाग नाही, असा मात्र माझा दावा नाही. १९२९ चा भडका जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीवरून उडाला. जेरुसलेमचा मुफ्ती आणि पॅलेस्टिनी अरबांचा नेता हाज अमीन अल-हुसैनी १९४१ मध्ये हिटलरला जाऊन भेटला. हमासच्या १९८८ च्या सनदेत उघड ज्यूद्वेष आहे, आणि जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या वेस्ट बँकमधल्या टेकड्या देवाने आपल्याला लिहून दिल्या आहेत असे मानणारी चळवळ इस्रायलात १९७० च्या दशकापासून सत्तेच्या जवळ सरकत गेली आहे. धर्माने आगीत तेल ओतले, आणि अलीकडे तर पिंपेच्या पिंपे ओतली. पण चूल कशाची होती हे पाहायचे तर जमिनीकडे पाहावे लागते, आणि ते मराठी वाचकाला समजायला अवघड जाऊ नये. ऑटोमन काळात जमिनींची नोंदणी सुरू झाली तेव्हा कर आणि लष्करभरतीच्या भीतीने अनेक शेतकऱ्यांनी आपली नावे लावलीच नाहीत. जमिनी शहरातल्या बड्या घराण्यांच्या नावावर चढल्या. बैरूतच्या सुरसुक घराण्याने मर्ज इब्न आमिरच्या खोऱ्यातली अशी जमीन ज्यू संस्थांना विकली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कसणारी कुळे उठली. खरेदीखत कायदेशीर होते, पैसे चोख मोजले होते, आणि कूळ देशोधडीला लागले. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. कोकणातली खोती आणि आपला कूळकायदा ज्याला ठाऊक आहे, त्याने 'ज्यूंनी जमीन विकत घेतली होती, मग तक्रार कसली?' असे विचारू नये.

यानंतर, तिथे ब्रिटिशांचा अंमल आल्यावर, हिंसेची जी साखळी सुरू होते, तिची कोणतीही कडी उचलली तरी तिच्या आधीची कडी हाताला लागते. एप्रिल १९२० मध्ये जेरुसलेम, मे १९२१ मध्ये याफा, ऑगस्ट १९२९ मध्ये हेब्रॉन. हेब्रॉनला ६७ ज्यूंची कत्तल झाली. त्यांच्यातले बहुतेक झायोनिस्ट राजकारणापासून दूर राहणारे धार्मिक लोक होते, आणि त्याच गावातल्या अरब शेजाऱ्यांनी त्यांच्यातल्या अनेकांना घरात लपवून वाचवले. त्या आठवड्यात एकूण १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले. अरबांपैकी बहुतेक ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. १९३६ ते ३९ चे अरब बंड ब्रिटिशांनी घरे पाडून, गावांना सामुदायिक दंड ठोठावून चिरडले. त्याच काळात इर्गुन या ज्यूंच्या भूमिगत सशस्त्र संघटनेने अरबांच्या बाजारांत बॉम्ब ठेवायला सुरुवात केली. २२ जुलै १९४६ रोजी याच संघटनेने जेरुसलेममधले, ब्रिटिश प्रशासनाच्या कचेऱ्या असलेले किंग डेव्हिड हॉटेल उडवले, ९१ माणसे मेली. तिचे प्रमुख मेनाखेम बेगिन पुढे पंतप्रधान झाले, आणि १९७८ चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले. ज्यू भूमिगतांना आवरण्यासाठी ब्रिटिशांनी १९४५ मध्ये आणीबाणीचे नियम काढले, तेव्हा ज्यू वकिलांनी त्यांचा कडाडून निषेध केला होता. तेच नियम पुढे इस्रायलने पॅलेस्टिनींसाठी जसेच्या तसे ठेवून घेतले. दहशतवादी कोण आणि कायद्याचे राज्य कोणाचे, या शब्दांच्या जागा किती झटपट बदलतात ते यावरून दिसते.

आपल्याकडे १९४६-४७ मध्ये याहून वेगळे काय झाले? ऑगस्टमध्ये कलकत्ता, मग नोआखाली, मग बिहार, मग मार्चमध्ये रावळपिंडी. प्रत्येक ठिकाणच्या मारेकऱ्याकडे आधीच्या ठिकाणच्या प्रेतांचा हिशेब तयार होता आणि प्रत्येक हिशेब आकड्यांपुरता बरोबरही असू शकतो. पण बिहारमधल्या ज्या शेतकऱ्याला कापले त्याने नोआखाली नकाशावरसुद्धा पाहिली नसेल. महाराष्ट्राला तर हे आणखी जवळून माहीत आहे. गांधीहत्येनंतर सांगली, सातारा, कोल्हापूर भागांत मारेकऱ्याच्या जातीची म्हणून शेकडो घरे जाळली गेली. त्या घरांपैकी किती घरांचा कटाशी संबंध होता? तेव्हा 'लोकांचा राग समजून घ्या' असे म्हणणारे होते. राग समजण्यासारखाच होता. पण त्या समजण्याचा शेजाऱ्याच्या वाड्याला काडी लावण्याशी काय संबंध, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता तसा तो तिथेही विचारायला हवा.

आता विरोधी मुद्द्यांतला सर्वांत वजनदार घेऊ. इस्रायलची बाजू मांडणारे म्हणतात की २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणीची योजना मंजूर केली, ज्यू नेतृत्वाने ती स्वीकारली, अरबांनी फेटाळली आणि शेजारच्या अरब राष्ट्रांनी युद्ध पुकारले, मग हरल्यावर तक्रार कशाची? साठ लाख ज्यूंचा संहार तीनच वर्षांपूर्वी संपला होता, वाचलेल्यांना बहुतेक देशांनी दारे लावून घेतली होती, आणि त्या युद्धात इस्रायलने आपल्या ज्यू लोकसंख्येतली शंभरात एक एवढी माणसे गमावली. हे सगळे खरे आहे आणि ते हलके मानण्यासारखे नाही. अरब नेतृत्वाचा नकार राजकीयदृष्ट्या घोडचूक होता, असे माझेही मत आहे. पण तो नकार अनाकलनीय होता का? लोकसंख्येत एक तृतीयांश आणि जमिनीच्या मालकीत सात टक्क्यांच्या आसपास असलेल्या समाजाला देशाचा अर्ध्याहून अधिक भाग देणारी ती योजना होती. विरोधी मत देणाऱ्या १३ देशांत भारतही होता. स्वतःची फाळणी नुकतीच भोगलेल्या देशाने दुसऱ्याच्या फाळणीला विरोध केला, तर त्याला ज्यूद्वेष म्हणता येईल का?

आणि समजा, नेतृत्वाने गुन्हाच केला. त्याची शिक्षा कोणाला झाली? इथे मला एका गावापाशी थोडे थांबायचे आहे.

तेल अविवच्या आग्नेयेला लिद्दा नावाचे गाव होते, हिब्रूत त्याला लोद म्हणतात. शेजारचे रामला जुळ्या भावंडासारखे. ही दोन्ही गावे फाळणीच्या योजनेत अरब राज्याला दिलेली होती. जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने ती घेतली आणि पन्नास ते सत्तर हजार लोकांना ऐन उन्हाळ्यात पूर्वेकडे चालते केले. त्या वाटेवर तहानेने, थकव्याने मुले आणि म्हातारी माणसे मेली. हाकलण्याच्या लेखी आदेशावर ज्या तरुण अधिकाऱ्याची सही होती, त्याचे नाव यित्झाक राबिन, पुढे इस्रायलचा पंतप्रधान. ही माणसे गेल्यावर रिकाम्या घरांत युरोपातून आणि अरब देशांतून आलेले ज्यू निर्वासित राहायला आले. अरब देशांतून आलेलेही आपखुशीने आले होते असे नाही. १९५०-५१ मध्ये एकट्या इराकमधून सव्वा लाखाच्या आसपास ज्यूंना नागरिकत्व आणि मालमत्ता सोडून निघावे लागले. थोड्याच वर्षांत याच लोद-रामल्यात आपल्या कोकणातले लोक पोहोचले. अलिबाग-पेणच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हटले जाणारे बेने इस्रायल, घरात मराठी बोलत आणि मलिद्याचे ताट मांडत तिथे राहू लागले. कोकणात त्यांना कोणी कधी छळले नव्हते, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. इस्रायलात मात्र ते पुरेसे ज्यू आहेत की नाहीत अशी शंका धर्मपीठाने त्यांच्या लग्नांबाबत काढली आणि १९६४ पर्यंत त्यांना त्याविरुद्ध रस्त्यावर उतरून भांडावे लागले. माझ्या भाषेत बोलणारी ही माणसे ज्या गावात नवा संसार मांडत होती, त्या गावच्या मूळ रहिवाशांपैकी अनेक जण तिथून फार दूर नसलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत जुन्या घरांच्या किल्ल्या जपत होते. यात गुन्हेगार शोधायचाच तर तो रायगड जिल्ह्यातल्या तेल्यात सापडणार नाही, एवढे खात्रीने सांगता येते.

लिद्द्यातून निघालेल्यांत वैद्यकीचा एक विद्यार्थी होता, जॉर्ज हबाश. ख्रिस्ती घरातला, अभ्यासात हुशार. गावाची ती अवस्था त्याने डोळ्यांनी पाहिली. डॉक्टर झाला, पण पुढे त्याने 'पॉप्युलर फ्रंट फॉर द लिबरेशन ऑफ पॅलेस्टाइन' ही संघटना उभी केली, तिने विमाने पळवली, आणि ३० मे १९७२ रोजी तिच्या वतीने तीन जपानी तरुणांनी विमानतळावर गोळीबार करून २६ जणांना मारले. विमानतळ कुठला? लोदचाच. मेलेल्यांत १७ जण पोर्तो रिकोहून देवदर्शनाला आलेले ख्रिस्ती यात्रेकरू होते. लिद्दा ठाऊक असल्याशिवाय हबाश समजत नाही, हे शंभर टक्के मान्य. पण लिद्द्याचे कोणते देणे कॅरिबियन बेटावरच्या त्या यात्रेकरूंकडे होते? १९४८ पासून मोजा म्हणणाऱ्यांनी मोजावेच, पण मोजताना १९७२ च्या या १७ माणसांशी येऊन थांबावे आणि त्यांचा हिशेब कुठे मांडायचा ते सांगावे.

इथे दुसऱ्या बाजूचा, माझ्या मते अधिक खोल जाणारा, आक्षेप येतो. तुम्ही दोन्हीकडच्या हिंसेला एकाच तागडीत घालता. एकीकडे अण्वस्त्रधारी राज्य, विमाने, रणगाडे आणि अमेरिकेचा हात, दुसरीकडे ज्यांना राज्यच नाही असे लोक. अशा वेळी समतोल हाच पक्षपात. हा आक्षेप मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. १९६७ पासून वेस्ट बँकमधला पॅलेस्टिनी लष्करी न्यायालयासमोर उभा राहतो आणि त्याच टेकडीवरचा इस्रायली वसाहतवाला दिवाणी कायद्याखाली जगतो. इस्रायल आणि पीएलओ (पॅलेस्टिनींची मुख्य मुक्ती संघटना) यांच्यातल्या १९९३ च्या ऑस्लो करारावेळी पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकमध्ये लाख-सव्वा लाख वसाहतवाले होते, आज ते पाच लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे वाटाघाटी ज्या भाकरीच्या वाटणीसाठी चालल्या होत्या, ती भाकरी एक पक्ष बोलता बोलता खात होता. सत्ता ज्याच्या हातात अधिक, जबाबदारीही त्याची अधिक. ताबा संपवणे हे ताबा असलेल्याच्याच हातात असते, ताब्याखालच्याच्या नसते.

पण जबाबदारी असमान आहे यावरून नियमही असमान असावेत हे कसे निघते? युद्ध का करता आणि युद्ध कसे करता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आधुनिक कायद्याने ते वेगळे केले त्याच्या कितीतरी आधी ते आपल्या परंपरेला कळले होते. अश्वत्थाम्याची तक्रार खोटी नव्हती. त्याच्या बापाला शस्त्र खाली ठेवायला लावून, धर्मराजाच्या तोंडच्या अर्धसत्याने फसवून मारले होते. तरीही रात्री छावणीत शिरून त्याने झोपलेली पोरे मारली ती कृती महाभारताने द्रोणाच्या खात्यावर वजा केली नाही. त्याच्या कपाळावरची जखम भळभळत ठेवली. आणि हे लिहिताना पांडवांचे कपटही झाकून ठेवले नाही. ७ ऑक्टोबरला किब्बुत्झमध्ये, म्हणजे इस्रायलातल्या सामुदायिक शेतीच्या वस्त्यांत, घराघरांत शिरून केलेल्या हत्यांना 'प्रतिकार' म्हणताना ज्यांची जीभ अडखळत नाही, त्यांनी अश्वत्थाम्याची बाजू घेतली आहे असे मी म्हणेन.

हाच नियम आता उलट दिशेने लावू. '२६/११ नंतर भारताने काय केले असते?' असा प्रश्न मराठी चर्चेत हमखास येतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याचा विसर असा की त्याचे उत्तर इतिहासात नोंदलेले आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत १६६ माणसे मेली. कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्हरिएल होल्त्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांना ठार मारले, त्यांचा दोन वर्षांचा मुलगा भारतीय आयाने उचलून बाहेर आणला. भारताने तेव्हा कराचीवर बॉम्ब टाकले नाहीत, की लाहोरचे पाणी आणि पीठ तोडले नाही. भारताचे ते धोरण बरोबर होते की दुबळे, यावर मतभेद होऊ शकतात, आणि सीमेला लागून असलेल्या गाझाची तुलना कराचीशी तंतोतंत होत नाही, हेही खरे. हमास वस्तीत लपून लढली, ओलिसांना तिने भुयारांत ठेवले, हा तिचा स्वतंत्र युद्धगुन्हा आहे. पण गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे साठ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत हजारो लहान मुले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ जाहीर झाला. अन्न अडवल्याने बंदूकधारी आधी मरत नाही, पाळण्यातले पोर आधी मरते. ७ ऑक्टोबरने इस्रायलला हमासशी लढण्याचा हक्क दिला असेल, पिठाच्या पोत्याशी लढण्याचा दिला नाही.

सोसलेल्या अन्यायाचे आकलन असूनही माणूस कसा अडकतो, याचा एक नमुना मला कायम चटका लावून जातो. एप्रिल १९५६ च्या अखेरीस गाझाच्या सीमेवरच्या नाहाल ओझ या किब्बुत्झमधला २१ वर्षांचा रक्षक रोई रोटबर्ग याला सीमा ओलांडून आलेल्यांनी मारले. त्याच्या अंत्यसंस्काराला सरसेनापती मोशे दायान आले. त्यांचे भाषण अगदी छोटे आहे. आज मारेकऱ्यांना दोष देऊ नका, असे ते म्हणाले. आठ वर्षे ते गाझाच्या छावण्यांत बसले आहेत आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची जमीन आणि गावे आपण आपली करत आहोत. इतक्या थडग्याजवळ, इतक्या स्वच्छ शब्दांत, शत्रूची बाजू कोणत्या सेनापतीने सांगितली असेल? आणि यावरून दायान यांनी निष्कर्ष काय काढला? म्हणून आपण कायम सशस्त्र आणि कठोर राहिले पाहिजे, तलवार हातातून सुटली की आपण संपलो. निदान अचूक, आणि औषध म्हणून त्याच दुखण्याचा आणखी एक डोस. ७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी हमासची माणसे ज्या ठिकाणी घुसली त्यांत नाहाल ओझ होते. सदुसष्ट वर्षे तलवार हातात होती.

'सगळ्यांचीच हिंसा वाईट' असे म्हणून हात झटकण्याने काय साधते, असा टोमणा मला अपेक्षित आहे. त्यावर माझे उत्तर नैतिक कमी आणि व्यवहारी अधिक आहे. या शंभर वर्षांतल्या हिंसेने शत्रूला क्वचितच संपवले. तिने नेमाने संपवले ते तडजोड करू पाहणाऱ्यांना, आणि तेही बहुधा त्यांच्याच बाजूच्या माणसांकडून. सप्टेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्के बर्नादोत यांना जेरुसलेममध्ये लेही या ज्यू गटाने मारले. १९५१ मध्ये जॉर्डनचे राजे अब्दुल्ला यांना अल-अक्सा मशिदीत एका पॅलेस्टिनीने गोळी घातली. इस्रायलींशी उघड बोलणारे पीएलओचे इसाम सर्तावी १९८३ मध्ये पोर्तुगालमध्ये मारले गेले ते एका बंडखोर पॅलेस्टिनी गटाकडून. आणि मग राबिन. लिद्द्याच्या आदेशावर सही करणारा तोच माणूस १३ सप्टेंबर १९९३ रोजी पंतप्रधान म्हणून पीएलओचे नेते अराफत यांचा हात हातात घेतो. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी हेब्रॉनच्या मशिदीत एक ज्यू वसाहतवाला नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालतो. मुस्लिम परंपरेतल्या चाळीस दिवसांच्या दुखवट्यानंतर, एप्रिलमध्ये, हमास अफुला येथे बस-थांब्यावर बॉम्ब उडवते. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी राबिन यांना मारणारा त्यांच्याच धर्माचा, त्यांच्याच देशाचा तरुण असतो. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जेरुसलेम आणि तेल अविवमध्ये बसगाड्या उडतात आणि मे महिन्यात कराराचे विरोधक नेतन्याहू एका टक्क्याहूनही कमी फरकाने निवडून येतात. मशिदीतला बंदूकवाला आणि बसमधला बॉम्बवाला एकमेकांना कधी भेटले नसतील, पण त्यांनी जोडीने काम केले.

याच दशकात आयर्लंडमध्ये वेगळे घडले. ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणारे आणि आयर्लंडशी एक होऊ पाहणारे यांच्यात एप्रिल १९९८ मध्ये बेलफास्टचा करार झाला. ऑगस्टमध्ये त्याच्या विरोधकांनी ओमा गावात बॉम्ब ठेवून २९ जणांना मारले, आणि करार टिकला. तिथे भांडणाची सुरुवात १९६९ ला झाली, १९१६ ला की थेट १६९० ला, यावर करार करणाऱ्यांचे एकमत झाले नव्हते, आजही नाही. त्यांनी ते भांडण इतिहासकारांकडे सोपवले आणि तुरुंग, पोलीस, विधानसभा आणि शस्त्रे यांबद्दल बोलणी केली. तुलना पूर्ण जुळत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये कोणी रोज नव्या टेकड्या बळकावत नव्हते, आणि दुसऱ्या पक्षाच्या अस्तित्वालाच नकार देणारी सनद कोणत्या मोठ्या पक्षाच्या हातात नव्हती. पण मारेकऱ्याला कराराचा नकाराधिकार द्यायचा की नाही हे जिवंत नेते ठरवतात, एवढे त्यातून नक्की दिसते.

मराठी वादात हे सगळे का हरवते, याचे कारण मला तरी साधे वाटते. आपण तिथली भांडणे इथल्या हिशेबासाठी वापरतो. गांधींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये ज्यूंबद्दल सहानुभूती व्यक्त करूनही पॅलेस्टाइन अरबांचे आहे असे लिहिले, सावरकरांनी डिसेंबर १९४७ मध्ये ज्यू राष्ट्राचे स्वागत केले. तेवढ्यावर आपले दोन तट तयार होतात आणि मग आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे हा खेळ सुरू राहतो. एकाला इस्रायल म्हणजे इथल्या मुसलमानांना धडा कसा शिकवावा याचे प्रात्यक्षिक वाटते. दुसऱ्याला हमास म्हणजे साम्राज्यवादाविरुद्धचा कोणीतरी रोमँटिक वीर. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी पायाखाली आली तरी कळत नाही.

म्हणून मी परिसंवादातल्या त्या दोघांना, त्यांना मंजूर असेल तर, पुन्हा लोदला नेऊ इच्छितो. तिथे आज ज्यू आणि अरब असे दोन्ही इस्रायली नागरिक राहतात, अरब तीसेक टक्के असतील, आणि आपल्याकडचे बेने इस्रायलही आहेत. मे २०२१ मध्ये जेरुसलेम आणि गाझातल्या घटनांचे पडसाद या गावात उमटले, सिनेगॉग आणि मोटारी जळाल्या, सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. १० मे च्या रात्री एक अरब तरुण गोळी लागून मेला. संशयित ज्यू होते, आणि स्वसंरक्षण म्हणून ते प्रकरण काही महिन्यांत बंद झाले. दुसऱ्या दिवशी मोटारीतून घरी जाणाऱ्या एका ज्यू माणसाच्या डोक्यात वीट बसली, आठवड्याने तो वारला. त्या प्रकरणात मात्र अनेक अरबांवर दहशतवादी हत्येचे खटले भरले गेले. त्या माणसाच्या घरच्यांनी त्याचे अवयव दान केले आणि त्याचे एक मूत्रपिंड जेरुसलेमच्या एका अरब स्त्रीला बसवण्यात आले. परिसंवादात या तिघांपैकी कोणाचाच उल्लेख झाला नाही, कारण २०२१ ही तारीख व्यासपीठावर कोणाच्याच सोयीची नव्हती.